‘मुद्दाम केलं नाही’



मागच्या महिन्यात आमच्या प्रभागातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, कर्जाचे दोन अर्ज वाचून झाले, आणि चहा यायच्या आत एका ताईंनी आपला विषय काढला. बाजारतळावर त्यांची भज्यांची गाडी होती, वर पत्र्याचं शेड. अतिक्रमण म्हणून ते काढलं. काढलं म्हणून त्यांची तक्रार नव्हती. नोटीस आली होती, शेड हलवायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण नोटिशीत तारीख होती गुरुवारची आणि माणसं आली बुधवारी. ताई रानात खुरपायला गेलेल्या. शेगडी, कढई, पातेली, नवा गॅस, सगळं जेसीबीखाली गेलं. विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, “आम्ही वरचा आदेश पाळला. मुद्दाम काही केलं नाही. आमच्यावर केस होत नसते.”

त्यांनी मला विचारलं, “ताई, खरंच होत नसते का?”

मी म्हटलं, बघून सांगते. आता मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन. त्यामुळे कायद्याचा प्रश्न कुणी विचारला तरी माझी गाडी इतिहासाकडेच वळते. या वेळी ती वळली ती थेट सव्वाशे वर्षं मागे, पुण्याच्या प्लेगाकडे. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. शेवटी माझी स्वतःचीही एक सांगायची आहे. ती सांगायला जरा जड जाणार आहे, म्हणून शेवटी ठेवली.

आपल्याकडच्या पुष्कळ कायद्यांत शेवटाकडे एक कलम असतं. ‘सद्भावपूर्वक केलेल्या कृतीस संरक्षण’ असं त्याचं नाव. म्हणजे या कायद्याखाली एखाद्याने सद्भावाने काही केलं, किंवा करायचा प्रयत्न केला, तर त्याच्यावर दावा, खटला किंवा दुसरी कायदेशीर कार्यवाही चालणार नाही. सद्भाव म्हटलं की आपल्याला सद्भावना रॅली आठवते, शाळेतली शपथ आठवते. कायद्यात त्याचा अर्थ मनात खोट नसणं. त्या शेडवाल्या ताईंना ऐकवलेलं ‘मुद्दाम काही केलं नाही’ हे त्याच कलमाचं बाजारतळावरचं रूप.

तुम्हाला २०२० सालातल्या नोटिसा आठवतात का? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रेशन दुकानाच्या शटरवर, एसटी स्टँडवर लावलेल्या. बाहेर फिरू नका, मास्क लावा, नाहीतर कारवाई. त्या प्रत्येक नोटिशीवर वरच्या बाजूला लिहिलेलं असायचं, ‘साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७’. मला तेव्हा नवल वाटलं होतं. आजार नवा आणि कायदा पणजीच्या काळातला. आपल्या राज्यात तो लागू झाला १३ मार्च २०२० ला. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

हा कायदा आला तो प्लेगामुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगाचा पहिला रोगी ओळखला तो डॉक्टर व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे. बंदराजवळची वस्ती, धान्याची गोदामं, दाटीवाटीच्या चाळी. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, सणकून ताप चढायचा आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचा. मुंबई रिकामी व्हायला लागली. माणसं आगगाडीने, बैलगाडीने, पायी गावाकडे निघाली, आणि रोगही त्यांच्यासोबत गेला. पुण्यात तो पोचला त्याच हिवाळ्यात.

रोग कशाने पसरतो ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो माणसाला होतो हे सिमोंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते १८९८ मध्ये, कराचीला. त्याच्या आधी सरकार माणसांना धरत होतं, घरं खणत होतं, चिंध्या जाळत होतं आणि उंदीर आपले मोकळे हिंडत होते.

कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात घाईघाईने कायदा आणला आणि आठवड्याभरात मंजूर झाला, ४ फेब्रुवारी १८९७ ला. किती कलमं होती? फक्त चार. आपल्या बचत गटाची नियमावली त्याहून मोठी आहे. पहिल्यात कायद्याचं नाव. दुसऱ्यात म्हटलं, साथ आली तर सरकार हवे ते खास उपाय करू शकेल. तिसऱ्यात, जो ऐकणार नाही त्याला शिक्षा. आणि चौथ्यात, हा कायदा राबवताना कुणी सद्भावाने काही केलं तर त्याच्यावर दावा नाही, खटला नाही. संपला कायदा. झडती कशी घ्यायची, बायकांना कुणी तपासायचं, जाळलेल्या सामानाची भरपाई कोण देणार, तक्रार कुठे करायची, यातलं एक अक्षर त्या चार कलमांत नव्हतं.

आता हे चौथं कलम निव्वळ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या आशाताईंचाच विचार करा. साथीत त्या घरोघर जातात, ताप मोजतात, गोळ्या देतात. एखाद्या घरातलं माणूस दगावलं आणि घरच्यांनी आशाताईंवरच दावा लावला तर दुसऱ्या दिवशी कोण बाहेर पडेल? लस टोचणाऱ्या नर्सबाई, पाण्यात क्लोरीन टाकणारा पंचायतीचा शिपाई, पुरात होडी ओढणारा जवान, सगळ्यांना थोडं अभय लागतंच. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले तेव्हा याच जुन्या कायद्यात दुरुस्ती करून हल्लेखोरांना कडक शिक्षा घातली. ते बरंच झालं. अभय कुणाला आणि कुठवर, एवढाच आपला प्रश्न आहे.

पुण्यात काय झालं ते बघू.

पुण्यात प्लेग कमिटी नेमली आणि तिचा प्रमुख केला वॉल्टर रँड याला. हा आधी आपल्या सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर होता. रँडचं नाव बहुतेकींनी ऐकलेलं असेल, चापेकर बंधूंमुळे. पण त्याच्या आधी मला दुसरं एक नाव घ्यायचं आहे.

त्याच दिवसांत हडपसरजवळ, ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंचं वय तेव्हा ६६. त्या स्वतः रोग्यांना आणायला जात. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला वस्तीतून काढून वेगळं ठेवायला हवं हे त्यांनाही पटलेलं होतं, सरकारलाही पटलेलं होतं. उपाय एकच. मुलाला पाठीवर घेऊन जाणं हा तो करायचा एक प्रकार होता. तीन दिवसांनी पुण्यात दुसरा प्रकार सुरू झाला.

१३ मार्च १८९७. पुण्यात घरांची झडती सुरू झाली. (म्हटलं होतं ना, तारखेकडे परत येऊ. बरोबर १२३ वर्षांनी त्याच तारखेला तोच कायदा आपल्या राज्यात लागू झाला. योगायोग आहे, पण माझ्या अंगावर काटा आला.) त्या कामाला डॉक्टर किंवा नर्स नव्हे, लष्कर लावलं. आठशेहून जास्त गोरे आणि देशी शिपाई, मेजर पॅजेट याच्या हाताखाली. तुकड्या करून पेठांत शिरायच्या. लपवलेला रोगी शोधायचा, लपवलेलं प्रेत शोधायचं. रोगी सापडला की त्याला प्लेगाच्या इस्पितळात आणि घरातल्या बाकीच्यांना गावाबाहेरच्या छावणीत. मागे घराची जमीन उकरायची, भिंतींना चुना द्यायचा, कपडे-अंथरुणं जाळायची.

माणसं रोगी लपवत होती हे खरंच आहे. आपणही लपवलं असतं. इस्पितळात गेलेला परत येत नाही असा तेव्हा सगळ्यांचा समज होता, आणि पुष्कळदा तसंच व्हायचं.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. सकाळची वेळ, चूल पेटलेली. बूट घातलेले परके पुरुष माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात. भाषा कळत नाही. रोग ओळखायचा तर गाठ बघायची, आणि गाठ येते काखेत आणि जांघेत. म्हणजे बाईच्या अंगाला हात लावल्याशिवाय, लुगडं बाजूला केल्याशिवाय तपासणी होतच नाही. काही ठिकाणी ही तपासणी घराबाहेर, उजेडात, चारचौघांत झाली अशा तक्रारी झाल्या. ज्या बाईने नवऱ्यासमोरही पदर ढळू दिला नाही तिचं त्या दिवशी काय झालं असेल, ते मी बोलून दाखवायची गरज नाही.

शिपायांना लेखी सूचना होत्या. लोकांच्या धर्माचा मान ठेवा, बायकांशी जपून वागा, अशा. कागदावर सगळं होतं. पण शिपाई ते पाळतो की नाही हे बघायला कुणी नव्हतं, आणि पाळलं नाही तर त्याला विचारायची जागा चौथ्या कलमाने बंद केलेली.

झडत्या मे महिन्यात थांबल्या. नंतर कमिटीचा अहवाल निघाला. त्यात एक वाक्य आहे, त्याचा आशय सांगते. कमिटीला समाधान वाटतं की स्त्रीच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आपल्याकडे किंवा लष्करी अधिकाऱ्यांकडे आली नाही.

हे वाक्य मी कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं ‘साहेब खोटं बोलतोय’ म्हणून पुढे गेले होते. आता परत वाचलं तर वाटलं, साहेब खोटं बोलत नसेलही. त्याने दोन शब्द फार जपून टाकलेत. एक ‘मुद्दाम’ आणि एक ‘विश्वासार्ह’. धक्का लागला की नाही यावर तो बोलतच नाही. मुद्दाम लावला का, एवढंच. तक्रार झाली की नाही यावरही तो बोलत नाही. विश्वास ठेवण्याजोगी आली का, एवढंच. आणि विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणार कोण? ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच. बाकीचे सगळे प्रसंग त्या दोन शब्दांच्या फटीतून गळून गेले.

बरं, तक्रारी झाल्याच नव्हत्या का? पुण्याच्या सरदार नातू बंधूंनी तक्रारी गोळा करून पाठवल्या. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात लिहिलं. पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची काळजी घेतली जात नाही, तिथे त्यांची अब्रू सुरक्षित नाही, असं त्यांनी स्वतःच्या नावाने छापलं. त्यांच्या शारदा सदनातल्या मुलीचा अनुभव त्यांच्यासमोर होता. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, इंग्रजांत ऊठबस असलेल्या. सरकार आपलं म्हणून त्यांचं तरी ऐकेल असं कुणालाही वाटावं. पण त्यांचं पत्रही सरकारने दिशाभूल करणारं म्हणून बाजूला सारलं.

आणि मग गोपाळ कृष्ण गोखले. ते तेव्हा एका सरकारी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. दोन स्त्रियांवर शिपायांनी अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला, अशी बातमी त्यांना कळवली गेली. त्यांनी ती तिथल्या वर्तमानपत्राला सांगितली. खळबळ उडाली, पार्लमेंटात प्रश्न निघाले. मुंबई सरकारने म्हटलं, पुरावा द्या. नावं द्या.

गोखले परत आले तेव्हा त्यांना नावं कुणी दिली नाहीत. ज्यांनी पत्रं लिहिली होती तेही पुढे आले नाहीत. कसे येतील? नाव द्यायचं म्हणजे त्या बाईचं नाव द्यायचं. तिच्या सासरचं, माहेरचं, आळीचं. गोखल्यांनी गव्हर्नरची आणि लष्कराची जाहीर माफी मागितली. त्यासाठी त्यांना आपल्याच लोकांकडून पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा ते ऐन उमेदीत होते, एकतीस वर्षांचे. मला त्यांची कीव येते आणि त्यांच्या सरळपणाचं कौतुकही वाटतं. पण माफीनंतर त्या दोन बायकांचा विषय संपला. सरकारच्या दप्तरात असं काही घडलंच नाही, एवढंच राहिलं.

त्या बायका खरंच होत्या का? पुरावा नाही हे खरं. पण सरकारने पुरावा मागितला त्याच्या पाच-सहा महिने आधीच कायद्याने खटल्याचं दार लावून घेतलं होतं. तक्रार कुठे द्यायची ती जागाच नसली तर पुरावा तयार होत नाही, आणि पुरावा नाही म्हणून तक्रार खोटी ठरते. हे मी वकिली पुस्तकातून सांगत नाही. पोलीस पाटलाच्या दारातून परत आलेली कोणतीही बाई हे सांगेल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. २२ जून १८९७, राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा समारंभ, गणेशखिंडीचा रस्ता, रात्रीची वेळ. चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याच्यामागच्या गाडीतला आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. या तारखेच्याच नावाचा एक मराठी सिनेमाही आहे. दामोदर चापेकरांना १८९८ मध्ये फाशी झाली, बाळकृष्ण आणि वासुदेव यांना १८९९ मध्ये. ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी. आणि तक्रारी पाठवणाऱ्या नातू बंधूंना खटला न चालवताच अटकेत टाकलं, १८२७ च्या एका जुन्या कायद्याखाली.

म्हणजे हिशेब बघा. घरात शिरणाऱ्यांवर खटला नाही. लिहिणारा तुरुंगात, तक्रार करणारा अटकेत, गोळी घालणारा फासावर. कोर्टात साधा दावा लावता आला असता तर यातलं किती टळलं असतं, मला सांगता येणार नाही. पण कितीतरी दिवस माझ्या डोक्यात हा विचार घोळतोय.

सगळीकडे सगळे गप्पही बसले नाहीत. पुढच्या वर्षी, मार्च १८९८ मध्ये, मुंबईत मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका बारा वर्षांच्या मुलीला तपासून इस्पितळात न्यायला पथक आलं. वस्तीने तिला नेऊ दिलं नाही. त्यावरून दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. मग मात्र सरकारला हळूहळू कळलं की जोरजबरदस्तीने रोगी जास्तच लपवले जातात. झडत्या सैल झाल्या, जातीजमातींना आपापली इस्पितळं काढू दिली. लोकमान्यांनी पुण्यात हिंदूंसाठी असं इस्पितळ आधीच काढलं होतं. कायदा मात्र होता तसाच राहिला, चौथ्या कलमासकट.

आता शेडवाल्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. केस होत नसते, हे खरं का?

सद्भाव म्हणजे काय हे आपल्या कायद्यांनी एकाच तोंडाने सांगितलेलं नाही. १८६० च्या दंडसंहितेत म्हटलं होतं की योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असं म्हणता येणार नाही. ही व्याख्या आजच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण प्लेगाच्याच साली, १८९७ च्या मार्चमध्ये, दुसरा एक कायदा आला. पुढे येणाऱ्या कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा. त्यात म्हटलं, गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावाने केली असं धरावं, मग त्यात हयगय झाली असो वा नसो.

आपल्या गटाचंच उदाहरण घेऊ. खजिनदार ताईंनी हप्त्याचे पैसे न मोजता डब्यात टाकले आणि बँकेत भरताना बाराशे कमी आले. त्यांनी एक रुपया खाल्ला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. १८९७ च्या व्याख्येने त्या सद्भावी. १८६० च्या व्याख्येने नाहीत, कारण मोजणं हेच त्यांचं काम होतं. आपल्या गटात काय करतो आपण? त्यांना चोर म्हणत नाही. पण ‘मुद्दाम नाही केलं’ म्हणून सोडूनही देत नाही. प्रोसिडिंगमध्ये लिहितो, आणि पैसे कसे भरायचे ते ठरवतो.

तेव्हा ताई, मला समजलं ते एवढं. ते कलम म्हणजे सरसकट माफी नव्हे. आदेशाप्रमाणे आणि सद्भावाने केलेल्या कामालाच ते लागतं, आणि सद्भाव होता का हे ज्याने काम केलं त्याने ठरवायचं नसतं. ते कोर्ट ठरवतं. आदेशच चुकीचा असेल तर हायकोर्टात त्या आदेशाला आव्हान देता येतं, या कलमाने ते अडत नाही. आणि तुमच्या नोटिशीवर गुरुवार होता. बुधवारी आलेला जेसीबी त्या आदेशाप्रमाणे आलेला नव्हता. ‘वरचा आदेश पाळला’ हे वाक्य तिथेच अडखळतं. आम्ही अर्ज लिहिला, नोटिशीची झेरॉक्स जोडली, गाडीचे आधीचे फोटो एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये सापडले तेही जोडले, आणि शिक्क्यासकट पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की याच रेडिओवर सांगेन, काहीही आलं तरी.

आणखी एक बदल सांगायला हवा. सरकारी माणसाने कामाच्या ओघात गुन्हा केला तर त्याच्यावर खटला भरायला आधी सरकारची परवानगी लागते, असा वेगळा नियम आहे. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये कायदा बदलला. बाईवरचा लैंगिक अत्याचार, विनयभंग, असल्या गुन्ह्यांना ती परवानगी आता लागत नाही. नव्या कायद्यात बाकीच्या गुन्ह्यांसाठीही सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाही घेतला तर परवानगी मिळाली असं धरायचं. पुण्याच्या झडतीपासून २०१३ पर्यंत मोजा. ११६ वर्षं.

आता माझी गोष्ट.

२०२० च्या मे महिन्यात मुंबईहून माणसं गावाकडे यायला लागली. गावात समिती होती. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, आणि बचत गटांकडून मी. बाहेरून आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं, असा आदेश. नावं लिहायचं आणि जेवणाचं काम माझ्याकडे. एक मुलगी आली, नवरा मुंबईला रिक्षा चालवणारा. तिच्याजवळ चार महिन्यांचं बाळ. तिला एक खोली दिली. आदल्या रात्री दुसऱ्या खोलीतला एक माणूस गुपचूप घरी जाऊन आला होता आणि गावात बोंबाबोंब झालेली. मी समितीत म्हटलं, रात्री बाहेरून कुलूप लावू. सगळे हो म्हणाले. सगळ्याच खोल्यांना लावलं, तिच्याही. किल्ली पोलीस पाटलांकडे.

कुलूप लावा, असं आदेशात कुठेही नव्हतं. ते माझं डोकं.

तिसऱ्या रात्री बाळाला ताप चढला. तिने दार वाजवलं, हाका मारल्या. शाळा गावाच्या कडेला आहे. पहाटे दुधाला निघालेल्या एका म्हाताऱ्याने ऐकलं. बाळ वाचलं. मेंदूत ताप जाता जाता वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. आता ते शाळेत जातं, त्याच शाळेत.

मला कुणी काही विचारलं नाही. उलट नंतर समितीतल्या आम्हा सगळ्यांना ‘कोरोना योद्धा’ म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते माझ्या घरी भिंतीवर होतं. मी स्वतःला सांगत राहिले, मुद्दाम नाही केलं. आणि ते खरंच आहे, मुद्दाम नाही केलं. पण खोलीत तान्हं बाळ आहे हे मला माहीत होतं. रात्री कुणाला किल्ली लागली तर काय, हे मी विचारलं नव्हतं.

हे बोलणं तयार करताना मी ग्रामपंचायतीत जाऊन शाळेतलं ते रजिस्टर काढून बघितलं. नाव, कुठून आले, तारीख, ताप, जेवण, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना ‘तक्रार’. तिच्या नावापुढे चौदाही दिवस माझ्या अक्षरात एकच शब्द आहे, ‘नाही’. त्या रात्रीच्या तारखेलाही.

ती मुलगी आता आमच्याच एका गटात आहे. रेकॉर्डिंगच्या आधी मी हे सगळं तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, सांगू का रेडिओवर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सांगा. पण ताई, त्या रजिस्टरात आता लिहिता येतं का?”

मी ग्रामसेवकांना विचारलंय.